सुरुंगांनी राखलेला किनारा

फॉकलंडचं विमान चिलीतल्या पुंता अरेनासहून आठवड्यातून एकदा सुटतं. ते हुकलं की पुढच्या शनिवारची वाट बघायची. उतरायचं माउंट प्लेझंटच्या लष्करी तळावर. तिथे फोटो काढायला मनाई, त्यामुळे कॅमेरा मुकाट्यानं पिशवीत.

बेटं तशी लहान नाहीत. क्षेत्रफळ बारा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे तीन गोवे सहज मावतील. माणसं मात्र जेमतेम साडेतीन हजार आणि त्यातलीही बहुतेक राजधानी स्टॅन्लीत. गावाची वेस ओलांडली की वारा, मेंढ्या आणि पिवळट माळ. मूळचं असं एकही झाड इथे नाही. जी चार दिसतात ती लोकांनी लावलेली, वाऱ्यानं एका अंगाला वाकवलेली. स्टॅन्लीतल्या चर्चच्या अंगणात दोन निळ्या देवमाशांच्या जबड्यांची कमान आहे, 1933 साली उभारलेली. तिच्याखाली उभं राहून फोटो काढल्याशिवाय कुणी परतत नाही. मीही काढला.

व्हॉलंटिअर पॉइंटला जाताना आधी रस्ता संपतो, मग वाटही संपते. पुढे नुसतं पीट, शतकानुशतकं कुजलेल्या गवताची ओली, काळी माती. जीप दोनदा रुतली. ड्रायव्हर मूळचा मेंढपाळ. त्यानं शिट्टी वाजवत फळ्या काढल्या आणि चाकांखाली सरकवल्या. 1982 च्या युद्धात, अर्जेंटिनानं घेतलेली ही बेटं परत मिळवायला, ब्रिटिश सैनिक याच मातीतून पाठीवर ओझी घेऊन चालत आले. उतरले होते बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सान कार्लोसला. ‘अटलांटिक कन्व्हेयर’ जहाजाला क्षेपणास्त्र लागलं आणि त्यावरच्या मोठ्या चिनूक हेलिकॉप्टरांपैकी एकच वाचलं. मग पायांना पर्याय उरला नाही. याच मातीनं काहींचे प्राणही वाचवले: तोफगोळे मऊ पीटमध्ये खोल घुसून फुटत आणि स्फोटाचा जोर आतल्या आत जिरे.

पॉइंटवर किंग पेंग्विनांची वसाहत आहे. पक्ष्यांपासून सहा मीटर लांब राहायचं असा नियम. पाळायचा तो माणसांनीच. एक पेंग्विन सरळ माझ्या बुटापर्यंत आला, मान तिरकी करून नाडी न्याहाळली आणि निघून गेला. घरटं हा प्रकार यांच्यात नाही. एकच अंडं, तेही पायांवर ठेवून पोटाच्या घडीखाली झाकायचं आणि उभं राहायचं. एका मादीला नराकडे अंडं सोपवताना मी श्वास रोखून पाहत होतो. चार पावलं एकमेकांना भिडली, क्षणभर ते फिकट अंडं उघड्यावर आलं आणि लगेच दुसऱ्या घडीत गडप झालं. बाजूला तपकिरी लोकरीतली मोठी पिल्लं अन्नासाठी शिट्ट्या घालत होती.

पण मला खरं पाहायचा होता तो यॉर्क बे. स्टॅन्लीच्या विमानतळालगतचा पांढऱ्याशुभ्र वाळूचा किनारा. 2 एप्रिल 1982 ला अर्जेंटिनाचं सैन्य याच किनाऱ्यावर उतरलं. आपण आलो त्याच वाटेनं ब्रिटिशही येतील, या हिशेबानं त्यांनी वाळूत सुरुंग पेरले. ब्रिटिश तिकडे फिरकलेच नाहीत. 14 जूनला शरणागती झाली, सुरुंग राहिले. वाळू सरकत गेली तसे तेही जागा सोडत गेले. सरकारनं कुंपण घातलं. माणूस, मेंढी, गाडी, सगळ्यांना बंदी. पेंग्विनांचं वजन सुरुंग उडवण्याइतकं नव्हतं, त्यामुळे जवळपास चार दशकं तो किनारा निव्वळ त्यांचा झाला. सरकारी अभयारण्यांच्या नशिबी इतका कडक पहारा क्वचितच येतो. तरी या योगायोगाचं कौतुक जरा जपून करावं. त्याच 74 दिवसांत अर्जेंटिनाचे 649, ब्रिटनचे 255 सैनिक आणि बेटावरच्या तीन बायका मेल्या. त्या तिघींचा जीव तर ब्रिटिशांच्याच तोफगोळ्यांनी घेतला.

अर्जेंटिनाच्या सैनिकांचं दफनस्थान डार्विनजवळच्या उजाड माळावर आहे. पांढऱ्या क्रुसांच्या रांगा, वर गाठी मारून बांधलेल्या जपमाळा. त्यातली कित्येक पोरं अठरा-एकोणीस वर्षांची, सक्तीच्या भरतीतली. अनेक थडग्यांवर वर्षानुवर्षं नावच नव्हतं. 2017 पासून रेडक्रॉसनं नातेवाइकांच्या डीएनएशी अवशेष ताडून पाहिले आणि बहुतेकांना नावं मिळाली. ड्रायव्हर इथे गाडीतच बसून राहिला. युद्ध झालं तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. मीही त्याला काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर तो ब्रिटिश आरमाराची विमानवाहू नौका ‘हर्मिस’ हिच्याबद्दल बोलू लागला. 1 मे च्या पहाटे स्टॅन्लीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी सी हॅरिअर विमानं तिच्यावरून उडाली होती. मी म्हटलं, अहो, ती नंतर आमची ‘विराट’ झाली. 1987 ते 2017 अशी तीस वर्षं ती भारतीय नौदलात होती, निवृत्त मुंबईत झाली आणि शेवटी अलंगला भंगारात निघाली. भंगाराचं ऐकून त्यानं गाडीच थांबवली. “आमच्याकडे कुणी विचारलं असतं, तर इथे आणून बांधून ठेवली असती,” म्हणाला. मुंबईत तिचं संग्रहालय करण्याच्या गोष्टी किती वर्षं चालल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं नाही.

सुरुंग काढण्याचं काम 2009 ला सुरू झालं आणि नोव्हेंबर 2020 मध्ये संपलं. हाती चाचपणीची सळई घेऊन वाळूत गुडघे टेकणारे बहुतेक जण झिंबाब्वेचे होते. लहानपणापासून आपल्याच देशातल्या सुरुंगांशी गाठ पडलेले. त्यातले काही कुटुंब घेऊन इथेच स्थायिक झाले. यॉर्क बे मोकळा झाला त्या दिवशी गावकरी धावत वाळूत शिरले. चाळिशीकडे झुकलेली कित्येक माणसं आपल्याच गावच्या त्या किनाऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होती. पेंग्विन अजून तिथे आहेत. फक्त आता त्यांना शेजार आला आहे, कुत्रे घेऊन फिरायला येणाऱ्यांचा, आणि ड्रायव्हरच्या मते तोच खरा उपद्रव.