सात दिवसांचे शिबिर आणि पत्र्याच्या पेट्या

महाविद्यालयाची मुले वस्तीत सेवेला येणार म्हटले की आमच्या कपाळावर आधी आठी पडते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा नेम. योजना चांगली. पण आमच्या वाट्याला काय येते? झाडू, गटार आणि बॅनर धरून फोटो. ज्यांच्या पणज्यांनी अख्ख्या गावाची घाण काढली, त्यांना स्वच्छतेचे धडे!

म्हणून गेल्या हिवाळ्यात एक प्राध्यापक विहारात आले तेव्हा आम्ही स्पष्टच म्हणालो, "सर, झाडायला आमचे हात आहेत. तुमची मुले वाणिज्य शाखेची. त्यांच्या हाती कागद द्या." सर भला माणूस. त्यांनी ऐकले.

आम्ही पडलो कारकून. कागदावाचून माणूस कसा अडतो ते रोज बघतो. अकरावीपासूनची शिष्यवृत्ती जातीच्या दाखल्यावर अडते, आणि त्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जनरल रजिस्टरचा उतारा, नाहीतर गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्यांच्या पतवंडांनी शाळेचाच कागद आणायचा!

मुले घरोघर गेली. पत्र्याच्या पेट्या उघडल्या. पहिले दोन दिवस नुसती धूळ आणि लग्नपत्रिका. तिसऱ्या दिवशी एका मुलीने दोन दाखले शेजारी ठेवले आणि विचारले, "काका, आजोबांच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध'. खरे कोणते?"

आम्ही तोंड उघडण्याआधीच घरची आजी बोलली, "पोरी, माझ्या बानं ते नाव छप्पन साली नागपूरला टाकलं. आता सरकार म्हणतं, टाकलेल्याची पावती आणा."

मुलगी गप्प झाली. मग आम्ही तिला कायदा सांगितला. १९५० च्या आदेशात अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या होत्या; बौद्धांचा त्यात समावेश झाला १९९० मध्ये. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राच्या दारात बौद्ध उभा राहिला तो चौतीस वर्षे. मुलीने बोटांवर हिशेब करून पाहिला. बी.कॉम.च्या कुठल्या पेपरात हे येते, ते आम्हाला ठाऊक नाही.

त्या मुलांत एक आमच्याच वस्तीतला होता. मित्रांना त्याने घर स्टेशनच्या मागे सांगितले होते. आजीने भर गल्लीत हाक मारली, "अरे, तू आपल्या कोपऱ्यावरचा ना? चहा घे की." पोराने मान खाली घातली. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ ला आग्र्यात शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आम्हाला आठवली. पण बोललो नाही. पोराला बोल लावून काय मिळते? चहा त्याने घेतला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांत जास्त कागद त्यानेच जमवले, कारण कोण कुठल्या गावचा हे त्यालाच माहीत होते.

सात दिवसांत अकरा घरांचे कागद पुरे झाले. बाकीच्यांना गाव गाठावे लागेल. तो पोरगा आता शिबिर संपल्यावरही रविवारी आमच्याबरोबर येतो. एका गावची शाळा बंद पडली आहे; तिचे रजिस्टर कुठे ठेवले, हे पंचायत समितीत विचारायचे आहे.

ज्या बांधवांच्या घरी १९५० पूर्वीचा कसलाही कागद असेल, त्यांनी रविवारच्या वंदनेला येताना त्याची झेरॉक्स आणावी. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये, आमच्यासुद्धा.