बाहुबलीच्या पायथ्याचा मळा

दशलक्षण पर्व आटोपल्यावर कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्राचे दर्शन घेतले आणि डोंगर उतरून थेट मामांच्या मळ्यात गेलो. मिरचीच्या वाफ्यांत पाऊलभर चिखल होता. पडवीत मामी ज्येष्ठात वेचून सावलीत वाळवलेली निंबोळी निवडीत बसल्या होत्या.

पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, मग पाणी घालून शंभर लिटर करायचे. पानांना चिकटावे म्हणून थोडा साबणाचा चुरा. फवारणी दिवस कलल्यावरच. कडक उन्हात निंबाचा गुण लवकर उतरतो.

“म्हणजे ही अहिंसक फवारणी,” मी सहज म्हणालो.

मामा थांबले. “तसं म्हणू नको. अळीला पान खाववत नाही, तिला कात टाकता येत नाही, मग ती मरते. आपण बघायला नसतो, एवढंच.”

मी निरुत्तर झालो. शेतीतील हिंसेला आपल्याकडे उद्योगी हिंसा म्हणतात आणि गृहस्थाला ती पुरती टळत नाही, हे मी व्याख्यानांत अनेकदा ऐकले होते. त्या शब्दाआड लपणे किती सोपे, हे मात्र तेथे कळले. पूर्वी बाजारचे औषध मारले की माव्याबरोबर त्याला खाणारे ढालकिडेही वाफ्यात मरून पडत, असे मामा सांगत होते. निंबाचा त्रास मुख्यतः पान खाणाऱ्याला होतो, म्हणून त्यांनी तो पत्करला.

“आज भिजत घालू का हो?” मामींनी विचारले.

मामा वाफ्यात शिरले, वाकून एकेक पान उलटून पाहू लागले.

“राहू दे. ढालकिडे आलेत.”