रिकामी म्हणून सांगितलेली बंदूक

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात शेतीसंरक्षणाची बंदूक आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात मी दोन दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन बंदूक चालवायला शिकले. वय ४३, दोन मुलं, थोडी काजूची बाग, थोडं भात. हे सांगितलं की आधी सगळे हसतात, मग विचारतात, कोणाला मारणार गो?

कोणालाच नाही. बाबा ७४ चे झाले. त्यांची १२ बोअरची सिंगल बॅरल चाळीस वर्षं घरात आहे. आधी डुकरं आणि माकडं, आता गवे. तिने जनावरं मारली त्यापेक्षा हवेत बार जास्त काढले. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, संपली की परत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला ७० वर्षं झाली, किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, की वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. भाऊ मुंबईला. तो म्हणाला, मी गणपती-शिमग्याला येणारा माणूस, तुझ्याच नावावर कर.

अर्जासोबत शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ओळखीतल्या एका एजंटने सांगितलं, "मॅडम, दोन दिवस कशाला फुकट घालवता? फोटो आणि आधार द्या, सर्टिफिकेट घरी येईल." खोटं कशाला बोलू, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. काजूचा हंगाम, माणसं मिळत नाहीत. तो पैसे जास्त मागत होता म्हणून गेले. तत्त्वबित्त काही नव्हतं.

वर्गात आम्ही २२ जण, त्यात बायका दोन. मागच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, "गो बाय, भावाक नाय धाडलंस?" मी म्हटलं, "भाव मुंबयत असा." सगळा वर्ग हसला, कारण सगळ्यांचेच भाव मुंबयत.

शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी बंदुकीला हात लावू दिला नाही. फक्त चार गोष्टी घोकून घेतल्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधीच करायची नाही. नेम धरून झाडायचं ठरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे दिसल्याशिवाय झाडायचं नाही.

मग त्यांनी विचारलं, बंदूक रिकामी आहे हे कसं ओळखाल? एक जण म्हणाला, काडतूस मीच काढतो ना. दुसरा म्हणाला, आमची कायम रिकामीच असते. सर म्हणाले, "उघडून, बघून. हातात घेतली की प्रत्येक वेळी. तुमच्यासमोर दुसऱ्याने उघडून दाखवली असेल तरी परत."

दुपारी कायदा. हा भाग तर गावागावात सांगायला हवा. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. जिवावर आलं तर गोष्ट वेगळी. काजू चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर आरोपी तुम्ही. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, डुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. आणि लग्नात, मिरवणुकीत हौसेने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष गोळीबार. शिकवायला ०.२२ ची रायफल, कारण तिचा धक्का कमी. पालथं झोपायचं, दस्ता खांद्यात घट्ट, श्वास अर्धा सोडून थांबायचं, चाप हळूहळू दाबायचा. २५ मीटरवर कागद, पाच गोळ्या. पहिल्या गोळीला माझे डोळे मिटले. तीन कागदावर लागल्या, दोन मागच्या मातीच्या बांधात.

सर म्हणाले, "तुझ्या शेतात हा बांध नाही. एवढीशी गोळी, पण दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते." आमच्या बागेपासून शाळा एक किलोमीटरसुद्धा नाही. मध्ये फक्त झाडं. आणि रात्री पाल्यात खसफस झाली की आपण काय करतो? आवाजावर नेम धरतो. जनावर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि त्याचं नशीब म्हणतो.

आता जे सांगण्यासाठी ही पोस्ट लिहिली ते.

मी नऊ वर्षांची होते, भाऊ सहाचा. दुपारी घरात कोणी नव्हतं. बंदूक माजघरात खुंटीला असायची. बाबा कायम सांगायचे, ती रिकामी आहे, पण हात लावायचा नाही. आम्ही चोर-पोलीस खेळत होतो. मी पाटावर चढून ती काढली, घोडा मागे ओढला, भावाच्या छातीवर धरली आणि चाप दाबला. टक् झालं. भाऊ हसत खाली पडला, मेल्याचं सोंग करत. मी बंदूक परत खुंटीला लावली. ३४ वर्षं हे कोणाला बोलले नाही. खरं तर विसरलेच होते. रायफलीचा चाप पहिल्यांदा दाबला तेव्हा तो टक् परत ऐकू आला.

घरी येऊन बंदूक उघडून बघितली. बाबा चिडले, "तू माका शिकवतलंस?" मग मी त्यांना ती दुपार सांगितली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, त्या वर्षी डुकरांचा फार त्रास होता, रात्री भरून ठेवायचो, सकाळी आठवणीने काडतूस काढायचो. एवढं बोलून ते उठले, आत गेले, आणि फरसाणाच्या जुन्या डब्यातली काडतुसं आणून माझ्या हातात दिली.

बाबांना दोष देत नाही. त्यांच्या वेळी त्यांना हे कोणी शिकवलंच नाही. आता शिकवतात, तर ते दोन दिवस एजंटला विकू नका. जुन्या परवानेधारकांनाही एकदा बोलवावं, अशी मागणी आपल्या ग्रामसभेत मी करणार आहे. सोबत या.

आणि आज रात्री एवढं करा. मुलं झोपली की बंदूक खुंटीवरून काढा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून उघडा, आत बघा. बंदूक कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. चावी कुठे आहे ते पोरांना सांगू नका.

भाऊ ही पोस्ट वाचेलच. तुला आठवतं की नाही मला माहीत नाही. रात्री फोन कर.