दादरहून थेट पुदुच्चेरी

दादरमध्ये जन्म गेलेल्या अनेकांना ठाऊक नसतं, की आपल्या स्टेशनातून पुदुच्चेरीला थेट गाडी जाते. चालुक्य एक्सप्रेस. दोन रात्री आणि मधला एक दिवस, पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत ती देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याला पोचवते. विमानाने चेन्नई गाठून पुढे बस हा मार्ग लवकरचा, पण मला मुद्दाम हाच हवा होता. वहीतली फ्रेंच पत्रं निवांत घोकायला एवढा वेळ दुसरीकडे कुठे मिळणार?

मी फ्रेंच शिकते ते नोकरीपायी. आमच्या परळच्या ऑफिसचा लिऑंच्या एका कंपनीशी व्यवहार आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात ते मार्क पडतात म्हणून. क्रियापदं पाठ, निबंध पाठ, आणि समोरून फोन आला की तोंडाला कुलूप. हे मला मनापासून खटकतं. म्हणून संध्याकाळची चर्चगेट लोकल धरून न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये जायला लागले. तिथे आलियाँस फ्राँसेज आहे. या संस्थेची सुरुवात पॅरिसमध्ये 1883 साली झाली, आणि पहिल्या मंडळींत लुई पाश्चर आणि ज्यूल व्हर्नही होते. व्यावसायिक फ्रेंचची वेगळी परीक्षा पॅरिसचं चेंबर ऑफ कॉमर्स घेतं. तिच्यात कवितेचं रसग्रहण नसतं. कोटेशन मागवा, ऑर्डर पक्की करा, माल उशिरा आला तर सभ्य शब्दांत तक्रार करा, भेटीची वेळ बदला, असली रोजची कामं असतात.

कर्जत मागे पडलं आणि गाडी घाट चढू लागली, तेव्हा डबा झोपला होता. मी दिव्याखाली वही उघडून बसले. फ्रेंच बिलात युरो-सेंटच्या मध्ये टिंब नाही, स्वल्पविराम. हजारांच्या जागी नुसती मोकळी जागा. वेळ चोवीस तासांची. आकड्याची ही शिस्त अंगवळणी पडली नाही, तर हजाराच्या व्यवहारात घोळ होतो.

सकाळी मिरजेला समोरच्या बाकावर एक काका आले. बेळगावात त्यांची फाउंड्री.

"काय पाठ करताय ताई?"

सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमचं कास्टिंग बाहेर जातं हो. माल चांगला, भाव चांगला. पण पत्र लिहायचं म्हटलं की पुण्याच्या पोराकडे धाव." उतरेपर्यंत ते विचारत राहिले: फोनवर आधी काय म्हणायचं, नाव आधी की काम आधी. मी सांगत गेले आणि त्यांनी ते वर्तमानपत्राच्या कडेला देवनागरीत लिहून घेतलं. शिकायला असं बसणारा माणूस मला फार आवडतो.

पुदुच्चेरीत पहाटे उतरले. फ्रेंचांनी कारभार सोडला तो 1 नोव्हेंबर 1954 ला, कायदेशीर हस्तांतर झालं 16 ऑगस्ट 1962 ला. तरीही रस्त्यांच्या निळ्या पाट्यांवर तमिळच्या जोडीला फ्रेंच आहे आणि पोलिसांच्या डोक्यावर लाल टोपी. हस्तांतरानंतर ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व निवडलं, त्यांची घरं अजून इथे आहेत. अशाच एका घरातल्या आजी खोल्या भाड्याने देतात. दारात पाय ठेवताच "बोंजूर, मादाम" म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी हिशेबाची वही मिटून वर पाहिलं. आधी अभिवादन, मग काम. दुकान असो की बँक, फ्रेंच शिष्टाचारात हा क्रम मोडत नाही.

संध्याकाळी त्यांनी माझं नमुना-पत्र वाचलं. शेवटच्या लांबलचक आदरवाक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, वर ज्या संबोधनाने सुरुवात केलीस, खाली तेच जसंच्या तसं यायला हवं. वर "मादाम ला दिरेक्त्रीस" असेल, तर खाली नुसतं "मादाम" लिहिणं म्हणजे बाईंचं पद पत्राच्या अर्ध्या वाटेत काढून घेणं. मग स्वतःच्या निळ्या शाईने त्यांनी एक संपूर्ण पत्र लिहून दिलं. सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ, अक्षर मोत्यासारखं.

दुसऱ्या दिवशी आनंद रंग पिळ्ळै यांचा वाडा पाहिला. पिळ्ळै मला या शहराचे खरे नायक वाटतात. 1747 पासून ते गव्हर्नर ड्युप्लेचे मुख्य दुभाषी. म्हणजे व्यापारी, मध्यस्थ आणि शिष्टाचाराचे जाणकार, तिन्ही एकात. कोणी कोणाला किती नजराणा दिला, कुठे कोणाचा मान राहिला, हे सारं त्यांनी तमिळ रोजनिशीत वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. तिथून जवळच ड्युमा गव्हर्नरांच्या नावाचा रस्ता लागला आणि आपला इतिहास आठवला. 1740 च्या कर्नाटक स्वारीत रघूजी भोसल्यांनी याच ड्युमांकडे आश्रयाला आलेल्या नवाबाच्या कुटुंबाची आणि खंडणीची मागणी केली होती. ड्युमांनी ठाम नकार दिला, पण भाषा नम्र ठेवली आणि भेटीदाखल फ्रेंच मद्याच्या बाटल्या पाठवल्या, असं इतिहासकार लिहितात. अखेर पुदुच्चेरीवर स्वारी झाली नाही. तटबंदीचा आणि तोफांचा वाटा त्यात होताच, पण नकार कसा द्यावा याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे. आमच्या ऑफिसात "नाही" कळवण्याची वेळ दर आठवड्याला येते.

बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: निकाल लागल्यावर ते सोडू नका. पाया पक्का आहे, वर फक्त पत्र लिहिण्याची आणि फोनवर बोलण्याची सवय चढवायची आहे. आणि एकदा पुदुच्चेरीला जाऊन या. गाडी रोज नसते, दिवस बघून दादरहूनच तिकीट काढा.