साहित्य शिकून पोट भरते काय?

चिंचोळी एमआयडीसीतील कामगार बांधव हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारतात. आमची पदवी बी.कॉम.ची, नोकरी कारकुनाची. हिशेबाच्या माणसाने साहित्याची बाजू घ्यावी, याचे त्यांना नवल वाटते.

त्यांना आम्ही औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण देतो. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५० साली तेथे महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. मिलिंद राजाने प्रश्न विचारायचे व भदंत नागसेनांनी उत्तरे द्यायची. पण चर्चा राजासारखी नव्हे, पंडितासारखी करायची, ही नागसेनांची अट होती. राजा विरोधकाला शिक्षा करतो. पंडित हरला तरी रागवत नाही. शिक्षकाची कसोटी हीच आहे. तेथे प्राचार्य म. भि. चिटणीस, म. ना. वानखेडे, प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे गुरुजन लाभले. वानखेडे सरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य आपल्या तरुणांपुढे ठेवले. पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' त्रैमासिकातून कितीतरी नवख्या मुलांना लिहिते केले. वर्ग सुटला, तरी त्यांचे शिकवणे सुटले नाही.

आमच्याकडे एका कामगाराची मुलगी येते. तिला मराठी घेऊन बी.ए. करायचे होते, वडिलांचा विरोध होता. आईवर लिहून आण, असे आम्ही तिला सांगितले. तिने चंद्र, चांदणे, वात्सल्यसिंधू असे सर्व लिहून आणले. आम्ही विचारले, "बाई, तुझी आई विड्या वळते ना? त्या कुठे आहेत?" पुढच्या खेपेस तंबाखूचा वास आला, ओली पाने आली, नापास होऊन परत आलेल्या विड्याही आल्या. तो कागद तिने घरी वाचून दाखविला. आई म्हणाली, "हे पण पुस्तकात लिहितात व्हय?"

वडिलांनी आम्हांला सरळ विचारले, "साहेब, नोकरी लागेल का?" खात्री देता येणार नाही, असेच आम्ही सांगितले. खोटी आशा दाखवणे धम्मात बसत नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, ग्रंथालयाची वर्गणी भरणे आणि महिन्यातून दोनदा तिचे लिखाण वाचणे, एवढे आम्ही पत्करले. मुलगी आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

उपासक-उपासिकांनो, प्राध्यापक सर्वांना होता येणार नाही. परंतु शेजारच्या एका मुलाची वही वाचणे प्रत्येकाला जमेल. विहारात वंदना झाल्यावर तेवढा अर्धा तास काढा. आपली मुले प्रश्न विचारतील, वादही घालतील. घालू द्या.

जयभीम!