कर्ता अज्ञात

वर्गात लोकगीते शिकवताना मी कैक वर्षे एक वाक्य न चुकता सांगत आलो : “या रचनांचा कर्ता अज्ञात असतो.” जोडीला दुर्गाबाई भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’चे (१९५६) नाव घ्यावे, मुलांनी ते वहीत टिपावे, की तास संपला!

खरे म्हणजे अशा एका कर्तीला मी जन्मापासून ओळखत होतो.

१९९६ साली येवल्यात आमच्या ताईचे लग्न झाले. रुखवत म्हणजे आमच्याकडे नुसती मांडणी नव्हे, ती लढाईच. मुलीकडच्यांनी फराळाची ताटे मांडायची, मुलाकडच्या बायकांनी एकेक ताट उघडून यमक जुळवून नावे ठेवायची आणि इकडून तिथल्या तिथे तसेच उत्तर जायला हवे. उत्तर अडले की हशा!

पैठणी नेसलेल्या विहीणबाईंनी लाडू उचलला आणि तो दगडासारखा असल्याचे यमकात जाहीर केले. आमच्या बायका गप्प. एवढ्यात आत्या माजघराच्या दाराशी जाऊन आली नि खड्या आवाजात म्हणाली :

लाडू कठीण झाले बाई, पाक कसा साधावा?
लेक निघाली सासरी, डोळा कुठे लावावा?

मांडव क्षणभर स्तब्ध झाला. विहीणबाईंनीच डोळ्यांना पदर लावला. आत्याचे कौतुक दिवसभर चालले होते. दाराआड कोण होते, हे मला ठाऊक होते. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. शुभकार्यात आईने पुढे यायचे नव्हते. लाडू तिनेच वळले होते आणि उत्तरही तिचेच होते.

तिकडे अझरबैजानात लग्नसमारंभांतून गाणारे आशिक असेच सवालजवाब करतात. जुन्या रिवाजाप्रमाणे हरणारा आपले तंतुवाद्य, साझ, जिंकणाऱ्याच्या हवाली करी. २००९ मध्ये युनेस्कोने त्यांची कला मानवजातीच्या वारशात नोंदवली. हे वाचले तेव्हा मनात आले, आईला साझ नको, निदान नाव?

गेल्या वर्षी ताईच्या मुलीचे लग्न झाले. वरपक्षाने चिमटा काढताच आमच्या मुली उत्तरासाठी मोबाइल चाळू लागल्या. आईला मी हट्टाने पहिल्या रांगेत बसवले होते. आत्या आता नाही. जुन्या सवयीने आई माझ्या कानाशी वाकली, दोन ओळी सांगितल्या आणि म्हणाली, “हं, म्हण तू.”

मी ध्वनिक्षेपक तिच्यापुढे धरला. तिने तो दूर सारला. मग मीच त्या ओळी म्हटल्या आणि जोडले, “रचना माझ्या आईची.”

“एवढं कशाला सांगायचं?” ती पुटपुटली. रात्री मात्र अंथरुणावर पडल्या पडल्या तिने विचारले, “दुसरी ओळ नीट ऐकू गेली का रे सगळ्यांना?”

हल्ली वर्गात ते जुने वाक्य तोंडाशी आले, की मी अडखळतो. म्हणतो, “मुलांनो, दाराआड कोण उभं होतं, ते आधी विचारा.”