उद्धारक की भाऊबंद?

बायबल हा वस्तुतः ग्रंथसंग्रह आहे. त्याला एकग्रंथत्व येते ते वाचनातून. ख्रिस्ती परंपरेने हे एकत्व ख्रिस्ताच्या ठायी पाहिले. लूककृत शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित येशू वाटेवरच्या दोघा शिष्यांना मोशेचे व संदेष्ट्यांचे ग्रंथ स्वतःविषयीचे म्हणून उलगडून सांगतो. या वाचनपद्धतीचे बीज तेथे आहे. आपल्या परिभाषेत हा तात्पर्यनिर्णयच होय, आणि मीमांसकांच्या उपक्रम-उपसंहाराची ओळख असलेल्या वाचकाला तो परका वाटू नये.

मराठीतील त्याचे सर्वांत धाडसी रूप साताऱ्यात दिसले. ना. वा. टिळक बायबलमध्ये शिरले ते नव्या कराराच्या दाराने. 1893 मध्ये आगगाडीतील एका सहप्रवाशाने दिलेल्या प्रतीतल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तेथे जागा होती. हिंदू संतांची वाणी हाच आपला पहिला जुना करार, अशी टिळकांची धारणा होती. केंद्रस्थानी ख्रिस्त ठरला की त्याच्याकडे नेणारी वाट एकच असण्याचे कारण उरत नाही; तुकाराम यशयाच्या पंगतीला येऊन बसतो. ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. पण मग हिब्रू ग्रंथांना स्वतःचे असे काही बोलणे उरते काय? कोकणात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आलेल्या बेने इस्राएलांच्या लेखी तर ते कशाचीही पूर्वतयारी नव्हेत.

सांगलीत एम. ए.च्या वर्गापुढे ईयोब वाचताना हा प्रश्न मला टाळता आला नाही. एकोणिसाव्या अध्यायातील ‘उद्धारक’ प्रवचनांतून थेट ख्रिस्ताला लावला जातो. मूळ हिब्रू शब्द आहे ‘गोएल’: आप्ताने विकलेली जमीन सोडवून घेणारा, त्याच्या खुनाचा बदला घेणारा जवळचा भाऊबंद. रूथच्या कथेतील बवाज असाच. वर्गातली बरीच मुले कृष्णाकाठच्या शेतकरी घरांतली. गहाणवट आणि भाऊबंदकी त्यांना कोशात शोधावी लागत नव्हती. एकाने विचारले, “सर, भाऊबंद जमीन सोडवतो की बळकावतो?” हशा झाला खरा, पण ईयोबाची तडफड त्या प्रश्नाने उघडी पडली. सारे आप्त पाठ फिरवून गेले आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी तो भाऊबंदाचा हवाला देतो आहे! ‘उद्धारक’ म्हटले की नात्याचा आणि जमिनीचा हा सारा भार नाहीसा होतो.

ख्रिस्तकेंद्री वाचन टाकून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. गोएलला आधी बांधावर उभे राहू द्यावे, इतकेच. त्यानंतर ख्रिस्ताला गोएल म्हणणे अधिक जड जाते, कारण त्यात रक्ताच्या नात्याचा दावा येतो आणि त्या दाव्याला खर्च असतो. रूथच्या कथेत बवाजाहूनही जवळचा एक भाऊबंद आहे. आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून तो माघार घेतो. ग्रंथ त्याचे नावही सांगत नाही. त्या दिवशी वर्गात सर्वाधिक वाद झाला तो त्याच्यावरच.